चांदीची गदा, थार गाडी आणि पत्त्यांचं पाकीट: खेळाडू बक्षिसासाठी खेळतो का?

जानेवारी २०२३ मध्ये मोहोळचं नाव अचानक सगळ्यांच्या फोनवर दिसू लागलं. कारण होतं एक कुस्ती. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू होती आणि माती विभागाच्या निर्णायक लढतीत मोहोळचा सिकंदर शेख विरुद्ध सोलापूर जिल्ह्याचाच महेंद्र गायकवाड अशी जोड होती. महेंद्रनं टाकलेल्या एका डावाला पंचांनी चार गुण दिले. सिकंदर हरला आणि तो डाव पूर्ण बसला होता की नाही यावर सोशल मीडियात दिवसच्या दिवस भांडणं झाली. व्हिडिओ थांबवून, मागेपुढे करून लोकांनी स्वतःच पंचगिरी केली. एका पंचाला फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली.

एका डावावरून इतका राग का आला? सिकंदरची लोकप्रियता हे एक कारण होतंच. दुसरं कारण पणाला लागलेल्या बक्षिसात होतं. त्या वर्षी विजेत्याला मानाच्या गदेबरोबर महिंद्रा थार गाडी आणि ५ लाख रुपये रोख मिळणार होते. उपविजेत्याला ट्रॅक्टर होता. जो हरेल, त्याला अंतिम लढतीचं दारच बंद होणार होतं.

स्पर्धेत बक्षीस किती असावं, कुणाला असावं आणि त्यानं खेळाडूचं नक्की काय होतं, हा प्रश्न फक्त कुस्तीचा नाही. जगभर लहान-मोठ्या दुकानांत भरणाऱ्या ट्रेडिंग कार्ड गेमच्या स्पर्धांपासून ऑलिंपिकपर्यंत तो सगळीकडे आहे.

आधी एक गोंधळ दूर करू

महाराष्ट्र केसरीच्या बातम्यांत 'मोहोळ' हा शब्द सारखा येतो. सोलापूर जिल्ह्यातलं मोहोळ हे तालुक्याचं गाव, सिकंदरचं. मामासाहेब मोहोळ हे पुणे जिल्ह्यातले, तिथे मोहोळ हे आडनाव आहे. मामासाहेबांनी १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन केली. विजेत्याला मिळणारी गदा त्यांच्याच स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून दिली जाते. २०२५ चा विजेता पृथ्वीराज मोहोळ हाही आडनावानं मोहोळ, गावानं नाही.

मान आणि दाम

महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी पहिले विजेते ठरले. स्पर्धेची रचना सोपी आहे. माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हीकडचा विजेता शेवटी एकमेकांशी भिडतो आणि जो जिंकेल तो महाराष्ट्र केसरी.

गदा आतून लाकडाची असते आणि वर चांदीचा पत्रा असतो. वजन साधारण १० ते १२ किलो. चांदीच्या भावानं हिशेब केला, तर एखाद्या जत्रेतल्या मोठ्या कुस्तीचं इनामही त्याहून जास्त भरू शकतं. पण गदेची किंमत कुणी अशी काढत नाही. लोक तिला 'मानाची गदा' म्हणतात. तिच्यातला मान आणि बरोबर येणारा दाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या वेगळ्या असल्या तरी एकीवर दुसरीची भूक भागत नाही. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाला. त्याला गदा मिळाली, पण आयोजकांकडून रोख बक्षीस मिळालं नाही आणि त्यानं ती खंत जाहीरपणे बोलून दाखवली. त्यानंतर त्याला मदत जाहीर करायला अनेक जण पुढे आले. पुढच्याच स्पर्धेत थार गाडी होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला सिकंदरनं अंतिम लढतीत शिवराज राक्षेला झोळी डावावर काही सेकंदांत चितपट केलं आणि महाराष्ट्र केसरी झाला. गदा मोहोळला आली. मात्र संघटनांमधल्या वादामुळे त्याच महिन्यात धाराशिवला आणखी एक महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि तिथे राक्षे जिंकला. एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी. थार दोन असल्या तरी थारची किंमत कमी होत नाही. गदेचं तसं नसतं. वर्षाला एकच पैलवान ती उचलतो, हे सगळ्यांना मान्य असतं म्हणून तिला मान असतो.

जत्रेच्या फडातली उतरंड

महाराष्ट्र केसरी वर्षातून एकदा. पैलवानाचं रोजचं जग म्हणजे गावोगावच्या जत्रा आणि उरुसातली कुस्ती मैदानं. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, सातारा भागात हंगामात अशी मैदानं सतत सुरू असतात. मोहोळ तालुक्यात भीमा साखर कारखान्यावर होणारं 'भीमा केसरी'चं मैदान त्यातलं मोठं.

या फडात बक्षिसांची एक उतरंड असते. सुरुवातीला चड्डी-लंगोटातली पोरं उतरतात. त्यांना रेवड्या, नारळ, दहा-वीस रुपये. मग शे-पाचशेच्या कुस्त्या, मग हजारांच्या आणि शेवटी 'एक नंबर'ची कुस्ती, जिचं इनाम पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं. जोड कुणाची कुणाशी लावायची हे जाणती मंडळी पाहून ठरवतात. निकाल चितपट लागला तर पूर्ण इनाम. बरोबरीत सुटली तर बहुतेक ठिकाणी ते वाटून दिलं जातं किंवा कमी होतं. एखादा डाव आवडला तर प्रेक्षकही खिशातून नोटा काढून पैलवानाच्या हातात ठेवतात.

या उतरंडीचं वैशिष्ट्य म्हणजे आठ वर्षांच्या पोरालाही पहिल्याच दिवशी काहीतरी मिळतं. नारळ घेऊन घरी गेलेलं पोर पुढच्या जत्रेला पुन्हा येतं. वरच्या इनामाची रक्कम कितीही वाढली, तरी खालून पोरं आली नाहीत तर एक नंबरची कुस्ती लावायला दहा वर्षांनी पैलवानच उरणार नाहीत.

पत्त्यांच्या स्पर्धांनी हाच प्रश्न कसा सोडवला?

हीच उतरंड एका अगदी वेगळ्या खेळात विचारपूर्वक बांधली गेली. तो खेळ म्हणजे ट्रेडिंग कार्ड गेम.

लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं ज्यांनी खेळली, त्यांना कल्पना पटकन येईल. फरक असा की इथे प्रत्येक खेळाडू हजारो कार्डांतून स्वतःचा संच बांधतो. कार्डं बंद पाकिटातून विकत घ्यायची, एकमेकांत अदलाबदल करायची आणि त्या संचानं समोरच्याला हरवायचं. या प्रकारातला पहिला मोठा खेळ 'मॅजिक: द गॅदरिंग' १९९३ साली अमेरिकेत आला. रिचर्ड गारफिल्ड यांनी तो तयार केला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं बाजारात आणला. पुढे जपानमधून पोकेमॉन आणि यू-गी-ओ आले.

या खेळांच्या स्पर्धा भरवण्यात कंपन्यांचा सरळ स्वार्थ आहे. स्पर्धा असतील तर लोक खेळत राहतील आणि खेळत राहिले तर कार्डं विकत घेतील. म्हणून बक्षीस कसं द्यायचं, यावर त्यांनी भरपूर डोकं लावलं.

खालच्या पायरीवर दुकानातली साप्ताहिक स्पर्धा आहे. २००० साली सुरू झालेलं 'फ्रायडे नाइट मॅजिक' हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. बक्षीस म्हणजे कार्डांची पाकिटं किंवा एखादं चकाकतं खास कार्ड. पैशात मोजलं तर फार मोठं काही नाही. पण ते पाकीट त्याच खेळात लगेच वापरता येतं. अशा बहुतेक स्पर्धा 'स्विस' पद्धतीनं होतात. म्हणजे हरलं की बाद नाही. ज्याचे जितके गुण, त्याला तितक्याच गुणांचा प्रतिस्पर्धी. पहिल्या फेरीत हरलेला नवखाही शेवटपर्यंत खेळतो आणि हळूहळू त्याला आपल्या तोडीचा माणूस समोर मिळतो. फडात जाणती मंडळी जोड लावतात, तेच काम इथे गुणतक्ता करतो.

वरच्या पायरीवर १९९६ साली 'प्रो टूर' सुरू झाली. पात्रता मिळवून येणाऱ्यांसाठीच, रोख बक्षिसांची. खेळणाऱ्या लाखोंपैकी फार थोडेच तिथे पोहोचतात. पण आपल्या दुकानातला कुणीतरी तिथे गेला होता, ही गोष्ट दुकानातल्या सगळ्यांना खेळवते.

यू-गी-ओनं वेगळा रस्ता धरला. त्याच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत रोख रक्कम नसते. विजेत्याला मिळतं इतरांना सहजी न मिळणारं खास कार्ड. म्हणजे जवळपास आपली मानाची गदाच.

पैसा ओतला तेव्हा काय झालं?

२०१९ साठी विझार्ड्स ऑफ द कोस्टनं मोठा डाव खेळला. वर्षभरासाठी १ कोटी डॉलरची बक्षिसं जाहीर झाली. ३२ निवडक खेळाडूंना प्रत्येकी ७५ हजार डॉलरचे करार देऊन एक व्यावसायिक लीग बनवली गेली. मार्च २०१९ मध्ये बोस्टनला झालेल्या एकाच स्पर्धेत एकूण १० लाख डॉलर होते. इटलीचा आंद्रेया मेंगुची जिंकला आणि २.५ लाख डॉलर घेऊन गेला.

दोन वर्षांत चित्र पालटलं. मे २०२१ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की पुढच्या हंगामानंतर ही व्यावसायिक लीग बंद होईल. या खेळावर पूर्णवेळ पोट भरण्याचा मार्ग कंपनी यापुढे देणार नव्हती. भर पुन्हा दुकानातल्या आणि प्रादेशिक स्पर्धांवर गेला. प्रो टूर २०२३ मध्ये परत आली, तीही खालच्या पात्रता स्पर्धांच्या साखळीला जोडूनच.

करार गेल्यावर काही नामवंत खेळाडूंची कारकीर्दच धोक्यात आली. दुकानातली शुक्रवारची गर्दी मात्र त्या करारांवर कधीच अवलंबून नव्हती.

मानसशास्त्र काय सांगतं?

बक्षीस दिलं की उत्साह वाढतो, हे आपण गृहीत धरतो. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलं तर प्रशस्तिपत्रक मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्रक न सांगता, शेवटी दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात कोण स्वतःहून चित्र काढतं हे पाहिलं. ज्यांना बक्षिसाचं आधी सांगितलं होतं, ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचा रस मात्र कमी झाला नाही.

म्हणजे बक्षीस वाईट नाही. 'हे कर, मग ते मिळेल' असा सौदा झाला की मनातली मूळ आवड मागे पडू शकते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे मांडलं की माणूस एखादी गोष्ट मनापासून करतो त्यामागे तीन गरजा असतात. मी हे माझ्या मर्जीनं करतोय, मला हे जमतंय आणि मी या लोकांतला आहे. जत्रेत प्रेक्षकानं खूश होऊन हातात ठेवलेली नोट 'तुला जमतंय' असं सांगते, म्हणून रकमेपेक्षा ती मोठी वाटते.

दुसरी बाजूही आहे. १९९० साली रोनाल्ड एरेनबर्ग आणि मायकेल बोग्नानो यांनी अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांचे आकडे तपासले. बक्षिसाची रक्कम मोठी असलेल्या स्पर्धांत खेळाडूंची कामगिरी चांगली होती. जो आधीच तयार आहे आणि ज्याचं पोट त्यावर आहे, त्याला मोठं इनाम आणखी जोर लावायला लावतं.

दोन्ही खरं आहे, कारण खेळाडू वेगवेगळ्या पायरीवर आहेत. नारळावर खेळणाऱ्या पोराला आवड टिकवायची आहे. एक नंबरच्या पैलवानाला खुराक भागवायचा आहे.

खुराकाचा हिशेब

दूध, तूप, बदाम, अंडी, मटण, फळं असा पैलवानाचा खुराक महिन्याला हजारोंच्या घरात जातो आणि तो वर्षानुवर्षं चालतो. सिकंदरचे वडील मोहोळमध्ये हमाली करत. पोरगं कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलं. अशा घरासाठी जत्रेतलं इनाम हौसेचं नसतं, त्यावर पुढच्या महिन्याचं दूध ठरतं. सिकंदरनं पुढे मैदानं मारून गाड्या, मोटारसायकली, गदा जिंकल्या. पण त्याच्यासारखे किती? तालमीत घाम गाळणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला गाडी कधीच येत नाही. शिवाय गाडी खाता येत नाही. ती विकली तरच दुधाचे पैसे होतात.

राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं. त्यांनी पैलवानांना राजाश्रय दिला, तालमींना बळ दिलं आणि कोल्हापुरात खासबाग मैदान उभारलं. जिंकल्यावर मिळणाऱ्या इनामाइतकीच तयारीच्या काळात मिळणारी भाकरी त्यांना महत्त्वाची वाटत होती.

खाशाबा जाधवांची गोष्टही तीच सांगते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे जायचे पैसे उभे करायला गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मान भरपूर मिळाला. अर्जुन पुरस्कार मात्र मिळाला तो मृत्यूनंतर.

आजच्या पैलवानासाठी सगळ्यात मोठं बक्षीस बहुधा नोकरी आहे. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी दोघेही पोलीस दलात उपअधीक्षक पदावर घेतले गेले. गुडघा किंवा खांदा गेला की कारकीर्द संपते, अशा खेळात नोकरीची हमी कुठल्याही गाडीपेक्षा जास्त दिवस टिकते.

बक्षीस वर एकवटलं की काय बिघडतं?

पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात दरी जितकी मोठी, तितका एकेका गुणावरचा ताण जास्त. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला झालेल्या महाराष्ट्र केसरीत पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या लढतीत निकाल मान्य नसल्यानं शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनं पंचांशी वाद घालून मैदान सोडलं. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात-पाय टाकण्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण वर्षभराची मेहनत, खुराकाचा खर्च आणि नोकरीची आशा एका शिट्टीवर टांगलेली असेल, तर पंचगिरी निर्दोष आणि पारदर्शक ठेवण्याची जबाबदारी आयोजकांवर तेवढीच वाढते.

दुसरा धोका मांडवलीचा. कुस्तीत त्याला 'नुरा कुस्ती' म्हणतात. दोघांनी आधीच ठरवायचं, लोकांसमोर झटापट करायची आणि इनाम वाटून घ्यायचं. पत्त्यांच्या स्पर्धांतही हा प्रश्न आला. मॅजिकच्या नियमांत दोन खेळाडूंना आपसात बरोबरी मान्य करायची मुभा आहे. पण सामना सोडण्याच्या बदल्यात पैसे किंवा बक्षिसातला वाटा देऊ केला तर ती लाच ठरते आणि स्पर्धेतून बाद होण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. आपल्याकडच्या मैदानांत असा लेखी नियम क्वचितच असतो. तिथे वस्तादाचा शब्द आणि प्रेक्षकांची हुर्यो हेच नियम.

मग आयोजकांनी काय पाहावं?

गावची जत्रा असो, शाळेची बुद्धिबळ स्पर्धा असो की कार्डांच्या दुकानातली शनिवारची गर्दी, आयोजकांना चार गोष्टी तपासता येतात.

पहिली, हरणाऱ्याला किती वेळ खेळायला मिळतं? एका फेरीत बाद होऊन घरी गेलेला नवखा पुन्हा येईलच असं नाही.

दुसरी, बक्षीस खेळाकडे परत वळतं का? कार्डांचं पाकीट वळतं, खुराकाचा खर्च वळतो. चौथी मोटारसायकल वळत नाही.

तिसरी, रक्कम किती पायऱ्यांत वाटली आहे? एक गाडी की तिच्याच पैशात गावातल्या वीस पोरांना वर्षभराचं दूध, हा हिशेब एकदा तरी कागदावर मांडून पाहावा.

चौथी, मान कुणाला मिळतो? महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं चांदीची गदा उचलली. पुरुषांच्या पहिल्या स्पर्धेनंतर त्याला ६२ वर्षं लागली. रेवड्यांच्या कुस्तीला मुलींची जोड लागली नाही, तर त्या गदेपर्यंत पोहोचणाऱ्या मुली मोजक्याच राहतील.

मोठ्या बक्षिसामुळे पोस्टर चांगलं दिसतं, गर्दी येते, बातमी होते. पुढच्या वर्षी फड भरेल की नाही, हे मात्र नारळ घेऊन घरी गेलेल्या पोरावर ठरतं.